तळघराच्या छताला दादाची धोतरं

दादा गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यात मी त्याच्या तळघराचं छत करायला घेतलं. ठाण्यातल्या बंगल्याखालची ही खोली त्याने गाणं ऐकण्यासाठी राखली होती. खाली जाड सतरंजी, भिंतींना पुस्तकांची कपाटं. छत मात्र उघडं काँक्रीट. सूर वर आपटून परत यायचे आणि पुढच्या सुरांत मिसळायचे. "छताचं दिवाळीनंतर बघू," असं तो दर वर्षी म्हणायचा.

तो स्वतः चांगला गायचा. डोंबिवलीत एका स्नेह्यांकडे झालेली त्याची शेवटची बैठक मी त्याच्यापुढे छोटा माइक ठेवून मुद्रित केली होती. वहिनी रोज दुपारी खाली जाऊन तीच ऐकत. ती त्यांना स्वच्छ ऐकू यावी, एवढंच मला हवं होतं.

तयार पॅनेलांचे भाव ऐकून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एवढ्यात तंबोऱ्यांची जोडी येईल." मग वागळे इस्टेटमधला एक सुतार गाठला. लाकडी पट्ट्यांच्या चौकटी करायच्या, कारखान्यातल्या पाइपांभोवती गुंडाळतात ते आवाज शोषणारं रॉकवूल आत भरायचं आणि वर कापड ताणायचं, असं ठरलं.

"कापड जाड नको हां, साहेब. तोंडाला लावून फुंका. वारा पलीकडे गेला तरच आवाज आत शिरणार. पडद्याचं आणलंत तर माझी मेहनत फुकट."

वहिनींनी दादाची धोतरं काढली. तेराव्यानंतर बाकीचे कपडे देऊन टाकले, ही त्यांनी ठेवून घेतली होती. एकेक घडी तोंडाशी धरून त्यांनी फुंकून पाहिली.

"सगळी पास, बाई," सुतार हसत म्हणाला. मग कुणाची धोतरं ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने घड्या दोन्ही हातांनी उचलून घेतल्या.

दोन दिवसांत छत झालं. दुपारी आम्ही दोघं बसलो. मी त्या बैठकीतला भीमपलास लावला.

आलापात दादा मध्येच थांबायचा. त्या थांबण्याचं आम्हाला कोण कौतुक! 'वयानं गाण्यात ठहराव आला,' असं मीच चारचौघांत सांगत असे. त्या खोलीत आजवर प्रत्येक विराम मागच्या सुराच्या घुमण्याने भरून जायचा. आता काहीच घुमलं नाही. सूर संपला आणि त्याच्या मागोमाग श्वास ऐकू आला. आखूड, ओढून घेतलेला, पुन्हा एक, आणि पुन्हा. धाप लागलेल्या माणसाचा. मग कसाबसा षड्ज.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं होतं, दम कधीपासून लागतो? "छे, परवापर्यंत गात होता," असं मी ठणकावून सांगितलं होतं. डॉक्टरांनी ज्याचं ऐकावं असा विद्वान भाऊ तिथे मीच होतो.

पुढच्या विरामात त्या श्वासांवरच एक बाई रंगून म्हणाली, "वा!" आवाज वहिनींचा होता. लगेच माझा: "काय थांबलाय बघा!"

मी बंद करायला हात पुढे केला. वहिनींनी मनगट धरलं.

"राहू दे. मी पहिल्या रांगेत होते, भाऊजी. माझ्याकडे बघून थांबत होते ते."

ध्वनिमुद्रण अजून चाळीस मिनिटं होतं. आम्ही ते सगळं ऐकलं.