शिकागोचा एक तास

चहा गार होऊ देऊ नका, कारण हे ऐकताना मध्येच कप खाली ठेवावासा वाटेल. मी आयुष्यात बरेच घोळ घातलेत. अनोळखी लग्नात पोटभर जेवून आलोय. दुसऱ्याची छत्री महिनाभर वापरून, पावसात अडकलेल्या तिच्या मूळ मालकालाच ती उसनी दिलीय. पण एका चांगल्या चालत्याबोलत्या माणसाला मी कॉम्प्युटरवरून मारलं, तो घोळ या सगळ्यांच्या वरचा. त्यात हसू कुठे आणि रडू कुठे, ते मला अजून नीट उमगलेलं नाही. तुम्हीच बघा.

नव्वदीतली गोष्ट. मी डोंबिवलीत म्हात्रेशेठच्या गाळ्यात कॉम्प्युटर शिकवायचो. म्हात्रेशेठ मूळ गावातले आगरी. त्यांच्या शेतांवर बिल्डिंगी उठल्या तेव्हा रस्त्याला लागून हा एक गाळा त्यांच्या वाट्याला आलेला. पुढे काचेची केबिन आणि एसटीडी-आयएसडीचा पिवळा बोर्ड, मागे पडद्याआड चार कॉम्प्युटर आणि मी. क्लासला मुलं कमी, बूथला गिऱ्हाईक जास्त, त्यामुळे मी निम्मा दिवस पुढेच बसलेलो असायचो.

गिऱ्हाइकांत म्हातारी माणसं फार. मुलगा अमेरिकेला, मुलगी लंडनला आणि आईबाप इथे नळाला पाणी कधी येतं त्याची वाट बघत. येऊन आधी विचारायचे, तिकडे आत्ता किती वाजले असतील हो? दिवसातून दहा जणांना बोटं मोजून सांगायचं म्हणजे जीव जायचा. शेवटी मी एक प्रोग्राम लिहिला. न्यूयॉर्क, शिकागो, लंडन, दुबई. आपल्या वेळेतून किती तास वजा करायचे तो फरक प्रत्येक शहरापुढे लिहून ठेवायचा, पुढचं गणित कॉम्प्युटर करायचा. मॉनिटर काचेतून रस्त्याकडे तोंड करून ठेवला. लोक भाजीच्या पिशव्या घेऊन थांबायचे आणि शिकागोत किती वाजले ते बघून पुढे जायचे. शिकागोशी त्यांचा काय संबंध? काही नाही. पण बघायचे. म्हात्रेशेठनी खूश होऊन वर पाटी लावली, 'जगाची अचूक वेळ'.

त्या पाटीनं माझं डोकं फिरलं. तोवर मी नुसता क्लासचा सर होतो, आता मी जगाच्या वेळेचा मालक झालो.

दाबकेकाका आमचे दर आठवड्याचे गिऱ्हाईक. ठाण्याच्या कोर्टातून रिटायर झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट, तोलूनमापून बोलणं. बायको जाऊन तीन-एक वर्षं झालेली, दोन खोल्यांत एकटेच राहायचे. घरी फोन नव्हता, नंबर लावलेला होता, तो यायचा होता. मुलगी सुधाताई कळव्याला दिलेली, आणि मुलगा विनायक शिकागोला, बिनलग्नाचा.

बापलेकांत सगळं सरळ नव्हतं. आई सिरियस आहे असा फोन तिकडे गेला, तेव्हा विनायक नक्की काय ते कळू दे म्हणून थांबला. नक्की कळलं आणि तो निघाला, तोवर उशीर झालेला. तो दारात पोचला तेव्हा बाराव्याची पानं वाढलेली होती. दाबकेकाका त्याला एवढंच म्हणाले, "जेवून घे." बाकी काही नाही. हे मला सुधाताईंनी नंतर सांगितलं. तेव्हापासून दर आठवड्याला एक फोन. विनायक ऑफिसला निघायच्या आधी, म्हणजे पडद्यावर शिकागोत साडेसहा दिसले की काका केबिनमध्ये शिरायचे. थंडी आहे का, गुडघा बरा आहे का, आवाज ऐकला, ठेवतो. संपलं. पण त्या फोनसाठी ते दाढी करून यायचे हे मी बघितलेलं.

ऑक्टोबरच्या शेवटी काका केबिनमधून बाहेर आले आणि म्हणाले की विनायक सांगत होता, या रविवारी त्यांच्याकडे सगळे जण घड्याळ एक तास मागे करणार. मी हे पहिल्यांदाच ऐकत होतो. म्हात्रेशेठचा तर विश्वासच बसेना. ते म्हणाले, "सरकार बोलला म्हनून सूर्य थांबतो काय?" मी मात्र मान हलवली, जशी काही मला लहानपणापासून माहिती होती. जगाच्या वेळेचा मालक कसं म्हणणार, मला ठाऊक नाही?

रविवारी मी क्लास उघडला, प्रोग्राम उघडला. घड्याळ एक तास मागे, म्हणजे एक तास कमी. बरोबर? शिकागोपुढे फरक होता साडेदहा तासांचा. मी त्यातून एक वजा केला आणि साडेनऊ लिहिले.

तुमच्यातला कोणी हुशार असेल तर त्यानं आत्ताच कपाळाला हात लावला असेल. अहो, त्यांचं घड्याळ मागे गेलं म्हणजे ते आपल्यापासून आणखी लांब गेले. फरक वाढायला हवा होता, साडेअकरा. मी त्यांना जवळ ओढून ठेवलं. खऱ्या वेळेपेक्षा शिकागो दोन तास पुढे. न्यूयॉर्क आणि लंडनचंही तेच केलं. दुबईत असला काही प्रकारच नसतो, पण एकट्या दुबईवर अन्याय नको म्हणून तिथलाही एक कापला.

लगेच तक्रारी सुरू झाल्या, तरी मला अक्कल आली नाही. एक बाई म्हणाल्या की न्यूयॉर्कला मुलगी झोपेतून उठली आणि चिडली. मी त्यांना सांगितलं, मुलगी आळशी झाली असेल, तिकडे गेल्यावर होतात. दिवा गावचा एक जण दुबईतल्या मेव्हण्याला फोन लावून आला, म्हणाला तो कामावरून यायचाच होता. मी म्हटलं, मेव्हणा टाळतोय तुला. माणसं निमूट ऐकून गेली. पडद्यावर दिसतंय म्हटल्यावर कोण वाद घालणार?

मंगळवारी दाबकेकाका दुपारचे बाहेर पडले होते, त्यांना मीच हाक मारली. म्हटलं, काका, तुमची वेळ आता पाचाची नाही, चारची. बघा, साडेसहा होतायत शिकागोत. ते बिचारे लगबगीनं घरी गेले, दाढी करून परत आले.

आता शिकागोत खरे वाजलेले साडेचार. पहाटेचे, मिट्ट काळोखाचे. परदेशात राहणाऱ्या माणसाला त्या वेळी घरून फोन आला तर त्याच्या मनात काय येतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

नंबर नेहमी मीच लावून द्यायचो, बोलायचे मात्र काकाच; त्या दिवशी ते केबिनमध्ये शिरायच्या आतच लागला. पलीकडून झोपेतला आवाज आला. मी म्हटलं, "विनायक का? डोंबिवलीहून बोलतोय. तुझे बाबा..."

आणि लाइन कट झाली.

'तुझे बाबा बोलतायत, घे', असं म्हणायचं होतं मला. ते अर्धं माझ्याच तोंडात राहिलं. पुन्हा लावला, एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. काका म्हणाले, निघाला असेल घाईत, जाऊ दे. आणि मेथी घ्यायला बाजारात गेले.

तो एंगेज होता कारण तो कळव्याला सुधाताईंशी बोलत होता. बाबा गेले, डोंबिवलीहून फोन होता, मी आता थांबत नाही, तसाच एअरपोर्टला जातोय, मिळेल ते विमान पकडतो. आईच्या वेळी नक्की काय ते कळण्यासाठी थांबलेला माणूस तो. या वेळी त्यानं काहीही विचारलं नाही.

सुधाताई नवऱ्याला आणि दोन जावांना घेऊन डोंबिवलीत आल्या. दाराला कुलूप. शेजारी कोणी नव्हतं. कुलूप बघून त्यांना वाटलं की नेलंसुद्धा. तिथेच जिन्यात बसून त्यांनी हंबरडा फोडला. बिल्डिंग गोळा झाली. कोणी म्हणालं सकाळी तर बघितलेलं, कोणी म्हणालं म्हणूनच म्हणतात, माणसाचा भरवसा नाही. एकानं तर काकांनी शेवटचं काय म्हटलं तेही सांगायला घेतलं. आणि काका मेथीची जुडी घेऊन जिना चढून वर आले. विचारलं, कोण गेलं?

सुधाताईंनी त्यांना असं धरलं की जुडी खाली पडली.

मग सगळी वरात आमच्या बूथवर. मी शिकागो लावतोय, तिकडे घंटा नुसती वाजतेय. विनायक घरातून निघालेला. त्यानं म्हणे एअरपोर्टवरून कळव्याला फोन केला होता, पण कळव्याचं घर बंद, कारण सगळे इथे. कुठलं विमान, कुठल्या वाटेनं, कोणालाच माहिती नाही. सुधाताई माझ्याकडे बघत होत्या. मी पडद्याकडे बघत होतो. पडद्यावर जगाची अचूक वेळ चालली होती.

म्हात्रेशेठ आत गेले आणि मॉनिटरवर क्लासचं फडकं टाकून आले. 

म्हणजे बघा, एक माणूस दोन दिवस आकाशात बाप मेला म्हणून रडत येतोय, बाप इकडे वरण-भात खातोय, आणि मध्ये कोणालाच काही करता येत नाही. मी दोन्ही दिवस काकांकडे जाऊन बसायचो. ते मला रागावले नाहीत. एकदाच त्यांनी विचारलं, "नुसतं ऐकून निघाला ना? विचारत बसला नाही ना?" मी म्हटलं, काहीच विचारलं नाही. त्यावर त्यांनी उठून विनायकचं अंथरूण गॅलरीत उन्हात टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले, मी मागे उभा. खाली टॅक्सी थांबली. विनायक उतरला, हातात एकच बॅग. त्यानं वर बघितलं आणि तसाच उभा राहिला. टॅक्सीवाला हाक मारतोय, याला ऐकू येत नाही. मग तो जिने चढून आला. दारात बापलेक समोरासमोर. विनायकची मिशी काढलेली होती. येताना कुठल्यातरी विमानतळावर स्वतःच काढलेली, ओठावर कापल्याची खूण होती. आमच्याकडे बाप गेल्यावरच काढतात, हे तुम्हाला माहिती आहे.

काकांनी ते बघितलं. त्यांचा आवाज कोर्टातला होता तसाच, पण हलत होता. "मी असताना काढलीस?"

विनायकनं त्यांच्या पायांशी बॅग ठेवली आणि तो तिथेच उंबऱ्यात बसला. मला वाटलं तो हसतोय. हसत नव्हता. काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मग काढला, मग पुन्हा ठेवला. त्यांना सवय नव्हती. शेवटी म्हणाले, "जेवून घे." आणि या वेळी स्वतः पान वाढायला उठले.

रजा संपेपर्यंत तो राहिला. दोघं संध्याकाळी खाडीच्या बाजूला फिरायला जाताना दिसायचे. फार बोलत नसावेत, पण बरोबर असायचे. निघायच्या आदल्या दिवशी विनायक क्लासमध्ये आला. मला वाटलं मारतोय. त्यानं शांतपणे मॉनिटरवरचं फडकं काढलं, माझा प्रोग्राम वाचला आणि फरक साडेअकरा केला. दुबईचाही तास परत दिला. जाताना म्हणाला, "तुमचा आवाज मी जन्मभर ओळखेन." हे कौतुक नव्हतं, एवढं मला कळलं.

इथेच किस्सा संपवला असता तर तुम्ही हसत घरी गेला असता. मलाही तेच आवडलं असतं.

माघ संपता संपता एका संध्याकाळी दाबकेकाका खुर्चीत बसल्या बसल्या गेले. काही त्रास नाही, कोणाला हाक नाही. सुधाताई कळव्याहून येऊन पोचलेल्या, डॉक्टर बघून गेलेले. सुधाताईंना बोलवत नव्हतं. त्या म्हणाल्या, विनायकला तुम्हीच सांगा.

मी बूथवर आलो. पडद्यावर शिकागोत सकाळचे साडेसात. मी तीनदा ताडून बघितलं. वेळ बरोबर होती. नंबर लावला, विनायकनं उचलला, आणि मी नाव सांगायच्या आधीच पलीकडे शांतता पसरली. म्हणाला होता तसं, आवाज त्यानं ओळखलेला.

मी सांगितलं. पूर्ण वाक्य सांगितलं, या वेळी लाइन कट झाली नाही.

तो अगदी हळू म्हणाला, "तुम्ही सांगताय ना? मग एकदा परत जाऊन बघून या. मी फोन धरून थांबतो."

त्याला काय म्हणणार? म्हात्रेशेठनी मीटरकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हातानंच जा म्हटलं. मी रस्ता ओलांडून काकांच्या बिल्डिंगीत शिरलो. जिना चढताना मी देवाकडे एकच मागत होतो, या वेळीही माझीच चूक निघू दे.

आयुष्यात नेमकं तेव्हाच माझं बरोबर निघालं.