बाईंचा पाय पोचवताना

मापाडी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कारखान्यात तो एकतीस वर्षं कामाला होता, आणि एकच माप तीनतीनदा घेतल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडत नसे. म्हणून सोबतच्यांनी हे नाव ठेवलं, आणि ते चिकटलं. बाप सुतार. पोरगा रंधा बरा मारतो, म्हणून लाकडी पायांच्या काळात बापाने त्याला तिथे लावून दिलं. पुढे लाकूड गेलं, प्लास्टिक आलं, धातूचे सांधे आले. मापाडी होता तिथेच राहिला. साठी जवळ आली तशी पाठ आखडली, गुडघे कुरकुरायला लागले. बायको म्हणायची, "पाय दुसऱ्यांचे आणि झीज तुमची!"

बऱ्याच वर्षांपूर्वी त्याने एका माणसाचा पाय पार्सलने पाठवला होता. वर्षभराने कळलं, की त्याने तो एकदाही धड वापरला नव्हता. टोचत होता, आणि सांगायची भीड वाटली. पाय दाराआड उभा आणि माणूस कुबड्यांवर. हे मापाडीच्या मनाला फार लागलं. तेव्हापासून पाय पाठवायचा नाही, स्वतः बसवायचा, हा त्याचा नेम.

या नेमापायीच एका गुरुवारी पहाटे तो जुनी गाडी काढून एकटा सातशे किलोमीटरवर निघाला. तिथे मुख्याध्यापिका बाई राहायच्या. बावीस वर्षांत त्यांचे चार पाय त्याने केले होते, आणि प्रत्येक वेळी त्या स्वतः आगगाडीने यायच्या. त्याने लिहिलेल्या पत्रांतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल शाईने सुधारून ती पत्रं त्यालाच परत पाठवायच्या. या वर्षी मोठ्या दुखण्यातून उठल्या त्या निम्म्या होऊन. जुन्या पायाची खोबण, म्हणजे उरलेली मांडी जिच्यात बसते ती वाटी, सैल पडली. तीन महिने त्या खुर्चीला खिळून होत्या. शेजारच्या नर्सने फोनवर मापं सांगितली, त्यावरून मापाडीने पाय केला. दुसऱ्याने घेतलेल्या मापावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

पाय मागच्या सीटवर गडगडायला लागला, म्हणून त्याने तो शेजारच्या सीटवर बसवला आणि पट्टा लावला.

दुपारपर्यंत बरं चाललं होतं. मग नदीपाशी पोलिसाने हात आडवा केला. पुलाला भेग पडली होती.

"काका, डोंगरातून जा वरून. ऐंशी किलोमीटर वाढतील, पण दुसरा रस्ता नाही."

डोंगरात ट्रकांच्या मागे मागे, पहिल्या गिअरमध्ये, गाडी चढत राहिली. अर्ध्या चढणीवर जळकट वास आला, आणि गाडीने मान टाकली. क्लच गेला होता. दोन तास तो वळणावर चाकांना दगड लावून उभा होता. शेवटी एका ट्रकवाल्याला दया आली आणि त्याने दोरीने ओढत वर एका गॅरेजपर्यंत नेलं.

गॅरेज एक बाई चालवत होती. हात कोपरापर्यंत काळे, बोलणं मोजकं. तिने बॉनेट उघडलं, खाली वाकून पाहिलं, आणि मग तिची नजर शेजारच्या सीटवर गेली.

"बाकीचा माणूस कुठे सांडला?"

मापाडीला हसायचंही त्राण नव्हतं. त्याने सगळं सांगितलं. ती हात पुसत ऐकत राहिली. म्हणाली, "क्लचची प्लेट उद्या येईल. मागे खोली आहे, पडा."

दुसऱ्या दिवशी प्लेट आली ती दुसऱ्याच गाडीची. अख्खा शुक्रवार तो टायरांच्या ढिगावर बसून होता. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांच्या चालीकडे बघायची त्याची खोड; कोण कुठल्या पायावर भार देतो ते त्याला लगेच दिसे. त्या दिवशी तेही बघवेना. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं होतं आणि पाठ तर लाकूड.

बायकोचा फोन आला. "परत या. नोकरीत नाही सांगितलंय हे. कोणी तुमचा सत्कार करणार आहे का?"

"सत्कार कशाला?"

"मग?"

"गाडी झाली की बघतो," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी गाडी झाली. डोंगर उतरून चाळीसेक किलोमीटर गेला नाही, तोच पुढे सिमेंटचा ट्रक आडवा पडलेला. रस्ता राखाडी, वाहनांची रांग दिसेल तिथवर. मापाडीने इंजीन बंद केलं आणि डोकं टेकवलं. जाग आली ती काच ठोठावल्याने. समोरची रांग केव्हाच निघून गेली होती आणि मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून, शिव्या देत बाजूने जात होते.

"काका, बरं वाटत नाही का?" काच ठोठावणाऱ्याने विचारलं.

"बरं आहे. दमलोय फक्त."

त्याने गाडी कडेला घेतली. जेवढं आलो तेवढंच परत जायला आहे, मग पुढचं तरी कशाला, असं पहिल्यांदाच मनात आलं. त्याने बाईंना फोन लावला.

"बाई, आजही जमेलसं दिसत नाही. माझ्याच्यानं आता..."

बाई शाळेतल्याच आवाजात म्हणाल्या, "हे बघा, मी तीन महिने बसलेय, आणखी बसेन. तुम्हाला शीण झाला असेल तर खुशाल मागे फिरा, माझा राग नाही. फक्त नक्की काय ते सांगा. म्हणजे मी फाटकाकडे बघणं सोडते."

मापाडीने कपाळ चोळलं. "नका सोडू," तो म्हणाला, आणि किल्ली फिरवली.

पाचच्या सुमारास तो पोचला. बाईंना पाहून चरकलाच, इतक्या त्या वाळल्या होत्या. चहा नंतर, असं म्हणत त्याने आधी पाय बसवला. बाई खुर्चीच्या पाठीला धरून उठल्या, चार पावलं टाकली, आणि म्हणाल्या, "छान आहे हो! अगदी बसला."

"खोटं बोलताय, बाई."

"मी?"

"डावीकडे झुकताय. आतून टोचतोय. पाय मला परत न्यावा लागेल, या भीतीने तुम्ही छान म्हणताय."

बाई खाली बसल्या. डोळे भरून आले, ते त्यांनी पदराने टिपले. "इतका त्रास घेऊन आलात, आता आणखी कसं सांगू?"

"तेवढ्यासाठीच आलो ना."

मग तो त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर वर्तमानपत्र पसरून बसला. खोबण तापवली, दाबली, कानशीने घासली. माप एकदा, दोनदा, तीनदा घेतलं. बसवला, काढला, पुन्हा घासला. गुडघे बोंब मारत होते. एकदा उठताना त्यालाच ओट्याचा आधार घ्यावा लागला, तेव्हा बाईंनी खुर्चीतून हात पुढे केला. दोघांपैकी कोण कोणाला सावरतंय ते कळेना, आणि दोघंही हसली. सातव्या खेपेला बाई उठल्या आणि मागच्या दारापर्यंत गेल्या. तिथून अंगणातल्या नळापाशी गेल्या, नळ सोडला, तीन महिने बंद असलेल्या त्या नळाचं पाणी धो धो वाहताना बघत सरळ उभ्या राहिल्या.

त्या आत आल्या तेव्हा मापाडी भिंतीला टेकून झोपला होता, कानस हातातच. त्यांनी ती हळूच काढून घेतली. जेवायलाही उठवलं नाही.

परतीच्या प्रवासाला त्याने दोन दिवस लावले आणि महिनाभर पाठ धरून बसला. एवढ्या लांब गाडी त्याने पुन्हा कधी नेली नाही. बाईंनी तो पाय पाच वर्षं वापरला. शेवटची दोन वर्षं तर घरी मुलांच्या शिकवण्या घेतल्या. फळ्यापाशी उभ्या राहून.