अर्धं गाऱ्हाणं

मी फारसं देवदेव करणारी बाई नाही. सणाला नैवेद्य, शिमग्यात पालखी दारात आली की ओटी, एवढंच. म्हणून हे लिहावं की नाही याचा बरेच दिवस विचार केला. जे घडलं तेवढं लिहिते. त्याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्याने ठरवावं.

रत्नागिरीत एका दिवाणी वकिलांकडे मी एकोणीस वर्षं कारकून होते. अर्ज-कैफियतींचे कच्चे मसुदे लिहायचे, तारखांची वही ठेवायची, नकला काढायच्या, बेलिफाच्या मागे लागून समन्स बजावून घ्यायचं, ही माझी कामं. पौषात एके दुपारी साहेब जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मुंबईहून मुलगा आला, त्याने तेराव्यानंतर पक्षकारांना फायली परत केल्या आणि ऑफिसला कुलूप घातलं. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते. घरी शाळेत जाणारी मुलगी होती आणि गिरणी बंद पडल्यामुळे मुंबईहून परत आलेला नवरा. हे सकाळी ओटीवर येऊन बसत ते दिवेलागणीला आत येत. बोलणं जवळजवळ थांबलंच होतं.

चार महिन्यांत मी गावातल्या बहुतेक सगळ्या वकिलांच्या पायऱ्या चढले. माझं काम चांगलं नाही असं कोणी म्हणालं नाही. एकाने विचारलं, बाईमाणसाला बेलिफाबरोबर खेडोपाडी कसं पाठवायचं? एकोणीस वर्षं मी जातच होते, हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्याकडे गिरणीतून परतलेला मेहुणा आधीच टेबलाशी बसला होता. त्याला वादपत्र कुठलं आणि वकीलपत्र कुठलं हे कळत नव्हतं, पण तो मेहुणा होता. तिसऱ्याने निदान खरं सांगितलं. "बाई, तुम्हाला माझ्याहून जास्त येतं. तुम्ही इथे असलात तर पक्षकार तुमच्याकडेच बघतील." कोर्टाच्या व्हरांड्यातले कारकून पुढेपुढे मला बघून पान जमवण्यात गुंतायचे. त्यांतला एक मात्र मोठ्याने म्हणाला, "काय वहिनी, आज कोणाचा नंबर?" सगळे हसले. त्या दिवशी खरोखरच कोणाचा नंबर उरला नव्हता.

आणि मग एका मोठ्या वकिलांचा निरोप आला. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. पगार साहेब देत त्याहून बरा होता. चहा संपत आल्यावर त्यांनी धोंडूबाबांचं नाव काढलं. धोंडूबाबा आमच्या साहेबांचे जुने पक्षकार होते. कुळाच्या जमिनीचा दावा, आणि समोरच्या पक्षाचे वकील हेच. त्या दाव्यात एक कच्ची जागा होती. मधली दोन वर्षं धोंडूबाबा मुंबईला गोदीत कामाला गेले होते आणि ते शेत त्यांनी कसलंच नव्हतं. ही गोष्ट त्यांनी साहेबांना सांगितली तेव्हा खोलीत मीच तेवढी होते. वकील म्हणाले, "तुम्ही काही सांगू नका. कुठे बघायचं तेवढं दाखवा." सोमवारपर्यंत विचार करून कळवा, असंही म्हणाले.

मी नाही म्हणून उठले, असं लिहायला मला आवडलं असतं. मी कळवते म्हणाले.

रविवारी आमच्या गावच्या देवीला कौल लावायला गेले. आमच्याकडे पद्धत अशी आहे की आपण आपलं म्हणणं गुरवाला सांगायचं, गुरव ते गाऱ्हाणं करून सगळ्यांसमोर मोठ्याने देवीपुढे मांडतो, आणि भिजवलेल्या कळ्या देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना लावतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी गुरवाला जे सांगितलं ते नीट तयार करून गेले होते. बाई एकोणीस वर्षं कोर्टकचेरीचं काम केलेली, मालक गेले, नवरा घरी बसला, आता एका ठिकाणाहून बोलावणं आलं आहे, ते घ्यावं की नाही. धोंडूबाबांचं नाव त्यात नव्हतं. सगळ्या गावासमोर ते कशाला, असं मी मनाशी म्हणाले. खरं म्हणजे मला उजवी कळी हवी होती.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं, जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. कळ्या पडल्या नाहीत. आम्ही थांबलो. माझ्यामागे आलेल्यांची चुळबुळ सुरू झाली. गुरवाने पाणी शिंपडलं, पुन्हा गाऱ्हाणं घातलं, पुन्हा थांबलो. डावी नाही, उजवी नाही. शेवटी त्याने कळ्या काढून घेतल्या आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "वहिनी, गाऱ्हाणं अर्धं हाय. काय ऱ्हायलं ता तुमालाच ठावं."

मी रागानेच बाहेर येऊन पायरीवर बसले. कळीला पाणी जास्त लागलं असेल, नाहीतर कमी. पण कोर्टापासून एखादी गोष्ट दडवून मिळवलेला हुकूम टिकत नाही, हे मी स्वतः कितीतरी पक्षकारांना सुनावलं होतं. त्यामुळे राग फार वेळ धरता येईना.

तेवढ्यात एक कोळीण येऊन शेजारी बसली. हर्णेची होती, नवस फेडायला इतक्या लांब आली होती. ओळख नाही, पाळख नाही, तिने कंबरेची पिशवी सोडली आणि एक कागद माझ्या मांडीवर ठेवला. "तुझ्या गाऱ्हाण्यात ऐकलं, तुला कोर्टाचं येतं. मंग हे वाच. गावात तिघांना दाखवलं, तिघांनी तीन सांगितली."

दापोलीच्या कोर्टाचं समन्स होतं. राहत्या घराच्या जागेवरून दिराने दावा लावलेला, आणि तारीख होती चार दिवसांवर. हजर राहिली नसती तर एकतर्फी निकाल झाला असता. मी देवळाशेजारच्या दुकानातून कागद आणले आणि तिथेच पायरीवर तिच्या वतीने अर्ज लिहायला बसले. तिला म्हणाले, सगळं सांग, तुझ्या विरुद्ध जाणारंही सांग. तिने तेही सांगितलं. नवरा असताना दिराने घरावर कौलं घातली होती, खर्च त्याचा. ते मी लिहिलं, आणि ती कौलं कोणत्या बोलीवर घातली तेही लिहिलं. अंगठा घेतला. तिने मला सुक्या बोंबलांची एक जुडी दिली आणि ती एसटी गाठायला गेली. काही अडलं तर म्हणून माझा पत्ता मी तिला चिठ्ठीवर लिहून दिला होता. तिचं नाव मी अर्जात लिहिलं होतं, पण लक्षात राहिलं नाही.

ती गेल्यावर मी परत गाभाऱ्यासमोर गेले. गुरव नैवेद्याच्या गडबडीत होता, त्याला हाक मारली नाही. राहिलेलं अर्धं मनातच सांगितलं, धोंडूबाबांच्या नावासकट. सांगून झाल्यावर विचारायला काही उरलंच नव्हतं.

सोमवारी वकिलांना नाही म्हणून कळवलं. ह्यांना सांगितलं तेव्हा हे एवढंच म्हणाले, "बरं केलंस की वाईट, कोणाला माहीत." पुढचे दिवस वाईटच गेले. मुलीने शाळा सोडते म्हणून सांगितलं आणि मी तिच्यावर हात उगारला, आयुष्यात पहिल्यांदा.

महिना होत आला तेव्हा दापोलीहून पोस्टकार्ड आलं. तिथल्या कचेरीच्या आवारात बसणारे एक म्हातारे अर्जनवीस होते. कोळीण तो कागद घेऊन कोर्ट-फीचं तिकीट लावायला त्यांच्याकडे गेली होती. त्यांनी कोणाकडून तरी लिहवून घेतलं होतं की मोतीबिंदूमुळे त्यांना आता ओळ दिसत नाही, कागद दुसऱ्याकडून वाचून घेतला. बाईने आपली पडती बाजूही लिहिली, असा अर्ज बऱ्याच वर्षांत ऐकला नाही. लिहिणाऱ्याला यायचं असेल तर जागा आहे.

मी मुलीला घेऊन गेले. परवाना त्या म्हाताऱ्या अर्जनविसांच्या, अण्णांच्या नावावर, अक्षर माझं. हे रत्नागिरीतच राहिले, आले नाहीत, आणि दोन वर्षांनी वारले. पत्र्याच्या पेटीवर कागद ठेवून उघड्या व्हरांड्यात लिहायचं, पावसाळ्यात झडीने शाई फुटायची. साहेबांच्या ऑफिससारखं ते काही नव्हतं.

पुढे एकदा धोंडूबाबा मुलीकडे दापोलीला आले होते. माझा पत्ता काढत कचेरीत आले. दावा हरले होते. निकालाची नक्कल सोबत होती, ती वाचून दाखव म्हणाले. मी शब्द न् शब्द वाचला. ती दोन वर्षं त्यात होती. समोरच्यांना ती पीकपाहणीच्या नोंदीत मिळाली होती. धोंडूबाबांनी कागद परत हातात घेतला आणि विचारलं, "बाय, ती दोन वर्सं त्यांना कुनी सांगितली?"

"दफ्तरातच होती, बाबा. माझ्या तोंडून गेली नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ता ठावं हाय मला," म्हणाले, आणि कागदाची घडी घालून उठले.

त्यांची जमीन गेली ती गेलीच. देवीने ती का वाचवली नाही, हे मी विचारत नाही. पण ती दोन वर्षं कोणी सांगितली, असं धोंडूबाबांनी मला विचारलं तेव्हा मी खाली मान घातली नाही. माझ्या हिशेबी देवीने दिलं ते हे, नोकरी त्यामागून आली. शरण जाणं म्हणजे काय ते मोठ्या माणसांना ठाऊक असेल. मला एवढंच कळलं की तिच्यापुढे आपली पडती बाजू आपणच मांडावी आणि मग आपल्या कामाला लागावं. हुकूम काय द्यायचा तो तिचा अधिकार आहे. मला जो मिळाला, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.