लेकानं दिलेली तिकिटं

बिरवाडीत मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहतो, ते काका टपालाची जुनी तिकिटं जमवतात. तिकीट काळ्या बशीत पालथं ठेवून वर पेट्रोलचा थेंब सोडतात. खरं असेल तर कागदात मुळातच दडवलेला तारा, म्हणजे वॉटरमार्क, दिसतो. तोवर काका श्वास रोखून धरतात, मग लहान पोरासारखे ओरडतात, "उठला रे, उठला!"

शाळा सोडून वाशीमहून आलेल्या मला त्यांनी ओळखपाळख नसताना ठेवून घेतलं.

परवा त्यांचा मुलगा मुंबईहून आला होता. प्रदर्शनात मांडायची चार तिकिटं काकांनी तपासली. एकातही तारा उठला नाही.

"तिकिटांच्या कपाटाशी हाच बसतो ना?" मुलगा माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला. "यानंच बदलली. खोली खाली करायला सांगा."

ती तिकिटं कधीतरी त्यानंच भेट दिलेली. लेकाची वस्तू काय तपासायची, म्हणून काकांनी तशीच वहीत लावली होती. हे मला ठाऊक होतं. तो विसरला असावा.

"त्याला कशाला बोलतोस रे?" काका बशी पुसत म्हणाले. "तपासल्याबिगर मीच लावली. चूक माझी हाय."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी विनवल्यासारखं. मला आसरा देणारा माणूस माझ्याकडे काहीतरी मागत होता.

ती तिकिटं कुणी दिली होती, हे मी सांगितलं नाही.