निधनाची पट्टी

निवृत्त झाल्यावर चार वर्षं मी लोकांच्या मरणाच्या बातम्या लिहिल्या. अलिबागेजवळच्या आमच्या गावात एक लोकल चॅनल होतं. सलूनच्या वरच्या दोन खोल्या, एक कॅमेरा, आणि लग्नाच्या शूटिंगमधून वर आलेला मालक. मी शाळेत शिकवायचे तेव्हा हा मालक माझा विद्यार्थी होता. त्याचं शुद्धलेखन तेव्हाही भयंकर होतं आणि पुढेही सुधारलं नाही, म्हणून टीव्हीच्या तळाशी सरकणारी पट्टी लिहायला त्याने मला बोलावलं. घरात दिवसभर सुनेच्या पुढ्यात बसून राहण्यापेक्षा ते बरं, म्हणून मीही गेले.

पट्टीवर सगळंच असायचं. पाणी कधी येणार, शिकवणी कुठे, म्हैस कोणाची हरवली. पण लोक बघायचे ते निधन. नाव, वय, गाव, अंत्ययात्रेची वेळ. त्याचे आम्ही पैसे घेत नसू. प्रत्येकाच्या हाती मोबाइल आले तरी दुपारी जेवताना एकदा आणि दिवेलागणीला एकदा पट्टी बघायची लोकांची सवय गेली नाही. पट्टीत नाव नाही म्हणजे माणूस आहे, इतकं ते साधं होतं. घरात कोणी गेलं की मुलगा आधी आमचा जिना चढायचा आणि मग लाकडांच्या मागे लागायचा.

पूर्वी केबलवाला आमचं चॅनल फुकट दाखवायचा. डिजिटल बॉक्स आले आणि त्याने कॅरेज फी मागितली. तो म्हणाला, माझ्या केबलवरून चॅनल दाखवायचं तर वर्षाचे पैसे भरा, नाहीतर महिनाअखेरीला काढून टाकतो. त्याच्याही डोक्यावर मुंबईची कंपनी बसली होती, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र तो निव्वळ माजलाय असं वाटलं. फी भरायची तर मालकाला चॅनल विकूनच भरावी लागली असती. "बाई, गावाच्या बातम्या मी दाखवायच्या आणि वर पैसेही मीच द्यायचे?" असं तो रोज चहाबरोबर मला ऐकवायचा.

उपाय मी सुचवला. "निधनं बंद कर," मी म्हटलं. "बाकी पट्टी चालू ठेव. पडद्यावर कारण लिहू नकोस. लोक कागद घेऊन आले तर कागद घ्यायचे. मागाहून कोणी विचारलं तर सांगायचं, केबलवाल्याने फीसाठी आमच्या पट्टीतल्या निधनांवर आपल्या जाहिराती चिकटवल्यात." केबलवाला अधूनमधून तसं करायचाही, त्यामुळे ते खपणार होतं. मालकाने लगेच मान डोलावली. इतकी वर्षं वर्ग सांभाळलेली बाई मी, कोणाला कसं वठणीवर आणायचं ते मला चांगलं कळतं, अशा तोऱ्यात मी होते.

आणि जमलंही. दुसऱ्याच दिवसापासून केबलच्या ऑफिसातला फोन खणखणू लागला. लोक केबलवाल्याला भर बाजारात शिव्या घालू लागले. आम्ही दोघं खिडकीतून बघत हसत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक पन्नाशीचा माणूस जिना चढून आला. नागावच्या पुढच्या वाडीतला. त्याची आई पहाटे गेली होती. त्याने वहीचं पान माझ्यापुढे ठेवलं.

"दुपारच्या पट्टीत टाका, बाई," तो म्हणाला. "मामाला कळाया पायजे. त्याचा फोन बिघडलाय. किहीमला कोनाच्या तरी बंगल्यावर राखणीला हाय, कुटल्या ते आमाला ठाव न्हाय. पन पट्टी बघितल्याबिगर त्यो जेवत न्हाय. त्यो आल्याबिगर आईला उचलायची न्हाय आमी."

नाव पट्टीत येणार नाही, हे त्याला तिथेच सांगायला हवं होतं. दोन पोरं मोटरसायकलवर पाठवली असती तर तासा-दोन तासांत किहीमचा एकेक बंगला विचारून झाला असता. पण सांगितलं असतं तर तो तडक केबलच्या ऑफिसात गेला असता, आणि पट्टी आमच्याकडूनच निधनांशिवाय येते हे त्याला तिथे दिसलं असतं. एकाची बातमी टाकली तर सगळ्यांची टाकावी लागली असती, आणि तीन दिवसांची मेहनत पाण्यात गेली असती. मी मेहनत म्हणत होते त्याला. "हो, ठेवा," मी म्हटलं. त्याने हात जोडले आणि तो घाईने गेला. कागद मी खणात टाकला आणि पट्टीत आंब्याच्या पेट्यांची जाहिरात लिहायला घेतली.

वैशाखाचा उकाडा होता. वाडीत त्यांनी चार वाजेपर्यंत भावाची वाट पाहिली. बाई कितीही म्हातारी झालेली असो, तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडावं, भावाने आणलेलं, अशी आमच्याकडे रीत आहे. शेवटी म्हातारीच्या सुनेनेच बाजारातून लुगडं आणवलं, भावाच्या नावाने पांघरलं आणि म्हातारीला नेलं.

भाऊ आमच्याकडे आला तो पाचव्या दिवशी. सत्तरीचा, वाळलेला माणूस, हातात नवीन लुगड्याची पिशवी. बाजारात कोणीतरी त्याला विचारलं होतं, बहिणीच्या मातीला का आला नाहीस म्हणून. तेव्हा त्याला कळलं.

"मी बघत व्हतो पट्टी," तो म्हणाला. "दोन दिस कुनाचंच नाव न्हाय. तिसऱ्या दिशीबी न्हाय. म्हटलं, या हप्त्यात कोन गेलाच न्हाय. बरं वाटलं मला. पोटभर जेवलो आन् झोपलो." मग त्याने मला विचारलं, "बाई, तुमी लिव्हलं व्हतं का तिचं नाव?"

माझं तोंड उघडायच्या आत मालक बोलला. "लिहिलं होतं मामा. केबलवाल्याने वरून जाहिरात चिकटवली." मी मान खाली घातली. म्हाताऱ्याला ती दुःखाने घातली असं वाटलं असावं.

पुढे सगळं भराभर झालं. मालकाने म्हाताऱ्याला कॅमेऱ्यासमोर बसवलं, तो रडला, आणि ते रडणं दिवसभर चॅनलवर फिरलं. लोक पेटले. सरपंचांनी ग्रामपंचायतीत बैठक बोलावली. केबलवाला घामाघूम होऊन पुन्हा पुन्हा सांगत होता की निधनं चॅनलकडूनच येत नव्हती. म्हातारा पहिल्या रांगेत बसला होता, टोपी गुडघ्यावर.

"बाई, तुम्हीच सांगा," सरपंच म्हणाले. "त्या दिवशी नाव दिलं होतं?"

खरं बोलायला एवढी जागा मला पुन्हा कोणी दिली नसती. "हो," मी म्हटलं. "दिलं होतं."

केबलवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो खाली बसला. गावातल्या निम्म्या लोकांनी माझ्याकडे मुळाक्षरं गिरवली होती, माझ्यापुढे त्याचं कोण ऐकणार? फी माफ झाली. चॅनल आजही चालू आहे आणि फीचा विषय पुन्हा कोणी काढलेला नाही. मालकाने मला शाल दिली. ती मी घेतली, हेही लिहून ठेवते.

बैठक संपल्यावर म्हातारा पायरीशी माझी वाट बघत उभा होता. मला वाटलं, याला कळलं. आणि खरं सांगायचं तर थोडं हलकं वाटलं.

तो वाकून माझ्या पाया पडला. माझ्यापेक्षा वयाने मोठा माणूस.

"मला मूलबाळ न्हाय, बाई," तो म्हणाला. "व्हती ती एक बहीन. आता मी गेलो की बंगल्यावरून कोनीतरी कळवील तुमाला. माजं नाव तुमीच लिव्हा. दुसऱ्या कुनावर माजा इश्वास न्हाय."

मी हो म्हटलं.