तपासून दिलेला माल

मृत्युंजय घुगरेशी एकदाही भांडण न झालेलं गिऱ्हाईक कोल्हापूरच्या राजारामपुरीत शोधून सापडलं नसतं. त्याचं कॉम्प्युटरवरच्या खेळांचं दुकान होतं. दुकानात शिरणाऱ्याकडे तो असा बघायचा, जणू त्या माणसाने चपला घालून देवघरात पाय ठेवलाय. निम्मं शहर फुटपाथवर पन्नास रुपयांत नकली सीडी घेत होतं, आणि हा पठ्ठ्या फक्त अस्सल, कंपनीचे बॉक्स विकायचा. "हीच सीडी तिकडं पन्नासला मिळती," असं कुणी म्हणालं की संपलं.

"मग तिकडंच मरायचं की! हितं कशाला तडमडलायसा?"

तरीही लोक परत यायचे. माणूस तिरसट, पण माल खणखणीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हा वारसा वडिलांचा. बसाप्पांचं गारगोटीत भांड्यांचं दुकान होतं. घागर विकताना ते आधी ती पाण्याने काठोकाठ भरायचे, बुडाखाली तळहात फिरवायचे आणि कोरडा हात गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायचे. "बघा, थेंब हाय का?" घाईतल्या माणसालाही ते थांबवून ठेवत. पाणी भरून दाखवल्याशिवाय घागर दुकानाबाहेर जात नसे.

शहाण्णव साली मृत्युंजयने कोल्हापुरात दुकान टाकलं आणि अप्पांचा नियम खेळांना लावला. बॉक्स उघडायचा, सीडी दुकानातल्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवायची, मगच द्यायची. स्वतः त्याने एकही खेळ कधी शेवटपर्यंत खेळला नाही. पडद्यावर चित्र हललं की त्याचं काम झालं. बारा वर्षांत एकही बॉक्स माघारी आला नाही, आणि हे तो दिवसातून चार वेळा, कुणी विचारो न विचारो, सांगायचा.

दोन हजार आठच्या सुमारास नव्या तऱ्हेचे बॉक्स आले. आत डिस्क असायची, पण नुसत्या डिस्कवर खेळ चालत नसे. इंटरनेटवर खेळांचं एक भलंमोठं दुकान निघालं होतं. तिथे आपल्या नावाचं खातं काढायचं आणि बॉक्समधल्या कार्डावरचा कोड त्यात टाकायचा, की मगच खेळ उघडणार. मृत्युंजयने दुकानाच्या नावाने खातं काढलं. एका खेळाला तास-तास जायचा, तेवढा वेळ गिऱ्हाईक कुठलं थांबतंय? म्हणून माल आला की तो दुपारच्या निवांत वेळी एकेक बॉक्स उघडून, कोड टाकून, खेळ चालवून बघायचा. मग बॉक्स बंद करून वर लाल शाईची चिठ्ठी चिकटवायचा: "तपासले. मृ. ब. घुगरे." खात्यात तपासलेल्या खेळांची आपोआप यादी होत होती, आणि ती बघून त्याला भारी बरं वाटायचं. कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत काय छापलंय, ते मात्र त्याने वाचलं नाही.

त्या चिठ्ठीचा एक बॉक्स कृष्णात नावाच्या माणसाने नेला. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत मोल्डिंगचा फोरमन. त्याला गाड्यांच्या शर्यतीचा नाद, आणि बोनसमधून स्वतःसाठी घेतलेली ती पहिलीच वस्तू. दुसऱ्या दिवशी तो दुकानात हजर.

"कोड आधीच वापरलेला हाय म्हणतंय."

दुकानात चारपाच माणसं होती. मृत्युंजयने मान वर केली नाही. "दोस्ताला दिला असशील. एकानं घ्यायचा, दोघांनी खेळायचा, असली बेणी लई बघितली मी."

"मला चोर म्हंतोस?"

"मी कशाला म्हणू? तुझं मशीनच म्हणतंय की!"

लोक हसले. कृष्णातचा चेहरा काळाठिक्कर पडला, आणि तो तडक निघून गेला. त्या महिन्यात आणखी सहा जण तीच तक्रार घेऊन आले. सहाच्या सहा जणांची मृत्युंजयने तशीच बिनपाण्याने केली. सगळं कोल्हापूर लबाड झालंय, अशी त्याची खात्रीच झाली. त्याने दारावर बोर्ड लावला: "माल तपासूनच दिला जातो. नंतरची रड ऐकली जाणार नाही."

पण आतून तो हादरला होता. 'घुगरे वापरलेला माल विकतो,' असं कुणीतरी चहाच्या गाड्यावर बोललं होतं आणि ते त्याच्या कानापर्यंत आलं होतं. अप्पांनी दुसरं काही मागे ठेवलं नव्हतं. एक नाव तेवढं ठेवलं होतं.

सुट्टीच्या दिवशी कृष्णात परत आला. चादरीत गुंडाळलेला आपला कॉम्प्युटर त्याने मोटरसायकलवरून आणला आणि धाडकन काउंटरवर ठेवला.

"लाव. माझ्यासमोर लाव. न्हाय चाललं तर तुझा बोर्ड मी काढणार."

मृत्युंजयचा पारा चढला. त्याच खेळाचा दुसरा बॉक्स सकाळच्याच पार्सलमधून आला होता, अजून तपासायचा होता. त्याने तो फाडला, कृष्णातच्या खात्यात कोड टाकला. कोड लगेच घेतला गेला.

"बघ!" तो ओरडला. "चाललं का न्हाय? आता बोल!"

कृष्णातने बॉक्स उलटापालटा करून बघितला. "चाललं की. पण ह्याच्यावर तुझी चिठ्ठी कुठाय?"

मग त्याने फळीवरचा लाल चिठ्ठीचा एक बॉक्स स्वतःच उचलला. "आता ह्यातला घाल."

मृत्युंजयने दुसऱ्या खेळाचा तो कोड टाकला. पडद्यावर उत्तर आलं, की हा कोड दुसऱ्या खात्यात वापरलेला आहे.

"हा मी कुठल्या दोस्ताला दिला? सांग की!"

 मृत्युंजयने पहिल्यांदाच चष्मा लावून कार्डाची मागची बाजू वाचली. कोड एकदाच चालतो. ज्याच्या खात्यात पहिल्यांदा टाकला, त्याच्याच नावाने खेळ कायमचा राहतो. बाजूला दुकानाच्या कॉम्प्युटरवर ती यादी उघडीच होती. विकलेले सगळे खेळ त्यात ओळीने उभे होते, एकूण एक घुगरेंच्या नावावर.

कृष्णात उत्तराची वाट बघत उभा होता. त्याला बॉक्स नको होता, तो तर मिळालाच होता. चारचौघांत ज्या तोंडाने चोर म्हटलं, त्या तोंडाने दोन शब्द त्याला हवे होते. मृत्युंजयचे ओठ हलले, पण 'चुकलं' हा शब्द काही बाहेर येईना. तो स्टुलावर चढला आणि त्याने आपल्या हाताने बोर्ड काढला. कृष्णातने चादर गुंडाळली.

"एवढी जीभ चालवतोस, आज काय झालं तिला?" म्हणाला, आणि गेला.

उरलेल्या सहा जणांना मृत्युंजयने नवे, सीलबंद बॉक्स घरी नेऊन दिले. दोघांनी दारातूनच घेतले आणि दार लावलं. एकाने पाणीसुद्धा विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात शिरोळहून पिराजी नावाचे एक म्हातारे शेतकरी आले. दुकानाचं नाव ऐकूनच आले होते. नातीसाठी खेळ घ्यायचा होता. मृत्युंजयने प्लास्टिकसुद्धा न काढलेला बॉक्स पुढे ठेवला.

"लावून दावा की."

"न्हाय पावणं, हे लावून बघता येत न्हाय. आपण बघितलं की घेणाऱ्याला चालत न्हाय."

आयुष्यात इतकं मऊ तो कुणाशी बोलला नव्हता. म्हाताऱ्याने त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"बघितलं की बिघडतंय? असला कसला माल, बाबा?" पिराजींनी बॉक्स परत सरकवला. "तपासून देतासा म्हणून एवढ्या लांबनं आलतो."

ते पायरी उतरून गेले. मृत्युंजयच्या जिभेवर एकही शिवी आली नाही. पिराजींच्या जागी अप्पा असते, तर त्यांनीही तो बॉक्स घेतला नसता.