कमरेचा पट्टा

माझे बाबा गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या गाठी पाठीवरून वाहायचे. मी कॉलेजात असताना, सत्तरीच्या दशकात, आमची पचमढीच्या डोंगरात पायी हिंडण्याची सहल ठरली. त्यासाठी मी जुन्या बाजारातून कॅनव्हासची पाठपिशवी आणली आणि सरावासाठी ती भरून रोज फुटाळा तलावापर्यंत चालू लागले. चौथ्या दिवशी घरी परतले तेव्हा खांद्यांवर वळ उठले होते.

बाबांनी मला फाटकातून येताना पाहिलं. "अशी वाकून काहून चालून राहिली वं?"

"पिशवी मागे ओढते."

त्यांनी ती सगळी उपसली. जड डबे मी बाहेरच्या बाजूला भरले होते. ते त्यांनी पाठीला चिकटून, जरा वर ठेवले. खांद्यांचे पट्टे आखूड केले. मग दाभणानं खाली नवारीचा एक रुंद पट्टा शिवला आणि माझ्या कमरेला आवळला.

"ओझं कमरेवर घ्याचं. आता चाल."

वजन तेवढंच होतं, पण माझी मान आपोआप वर आली. मी आनंदानं विचारलं, "मग तुम्ही काहून नाही बांधत असा पट्टा?"

"गाठीले पट्टे लावता येत नाहीत, पोरी," ते म्हणाले आणि भिंतीला धरून उठले. उठल्यावरही त्यांची पाठ वाकलेलीच होती. ती मी लहानपणापासून तशीच पाहत आले होते. ती कशानं वाकली, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं.

पचमढीचा सगळा चढ मी ताठ चढले. परतल्यावर बाबांनी माझे खांदे दाबून पाहिले. मला दुखलं नाही, तसे ते कामावर गेले.